हार्ड डिस्क जायला लागली आहे का? तपासणी कोणत्या क्रमानं करावी

एप्रिलच्या एका दुपारी सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून एक अण्णा माझ्या दुकानात आले. त्यांचा चादरी आणि टॉवेलचा कारखाना आहे. सोबतच्या पोऱ्याच्या हातात कॉम्प्युटरचा डबा, त्याच्या जाळीवर सुताची पांढरी लव बसलेली. अण्णा म्हणाले, "डिझाइन उघडायला गेलं की लई वेळ अडकतंय. एकानं सांगितलं विंडोज नव्यानं टाका. तेवढं करून द्या की." विचारल्यावर कळलं, त्या डब्यात जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या, डिझाइनच्या अठरा वर्षांच्या फाइली आहेत आणि दुसरी प्रत कुठंच नाही.

त्या दिवशी विंडोज नव्यानं टाकलं असतं तर आजारी डिस्कवर काही गिगाबाइट नवं लिखाण झालं असतं, आणि ते नेमकं कशावर बसलं असतं ते कुणालाच सांगता आलं नसतं. अशा चुकीच्या क्रमामुळे गेलेला डेटा मी पुष्कळ पाहिला आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. तपासायची साधनं चांगली आहेत आणि बहुतेक फुकट मिळतात. पण मरायला टेकलेल्या डिस्कमध्ये वाचनाची ताकद मोजकीच उरलेली असते, आणि जड चाचणी तीच ताकद खर्च करते. त्यामुळे आधी ऐकायचं, मग डिस्कचे आकडे वाचायचे, मग डेटाची प्रत काढायची, आणि ताण देणाऱ्या चाचण्या त्यानंतर. डेटाची प्रत आधीच दुसरीकडे असेल तर मधली पायरी सोडा आणि बिनधास्त पुढं जा.

आधी कान द्या

चांगली डिस्क एकसारखी घूं करत फिरते आणि वाचताना हलकी टिकटिक करते. बिघाडाचे आवाज वेगळे असतात. ठरावीक लयीत टक्, टक्, टक् होऊन डिस्क थांबते आणि पुन्हा फिरायला लागते, तेव्हा वाचणाऱ्या हेडला आपली जागा सापडत नसते. बारीक बीप येते आणि फिरण्याचा आवाजच नसतो, तेव्हा मोटर जोर लावत असते पण आतली डेटाची तबकडी सुटत नसते. खरवडल्यासारखा आवाज सगळ्यात वाईट. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. ते टेकलं तर प्रत्येक फेऱ्याला डेटाचा थर घासून निघतो.

यातला कुठलाही आवाज आला तर वीज लगेच बंद करा आणि कुठलंही सॉफ्टवेअर लावू नका. बाहेरून जोडायच्या डिस्कला एक सवलत आहे. बीपचं कारण कधीकधी यूएसबी पोर्टमधून वीज कमी मिळणं हे असतं. म्हणून आखूड केबल घेऊन, कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला एकदाच लावून पाहा. तरीही बीप आली तर थांबा.

आवाज ठीक असेल आणि नुसताच संथपणा असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर जा. तिथं १०० टक्के दिसलं की लोक घाबरतात, पण एकट्या त्या आकड्याला अर्थ नाही. हार्ड डिस्कवर विंडोज १० सुरू झालं की अपडेट, अँटिव्हायरस आणि सर्चचं काम मिळून पहिली काही मिनिटं १०० टक्के दिसतंच. खालचा सरासरी प्रतिसादाचा वेळ पाहा. काम फार नसताना तो काही दहा मिलिसेकंदांत असतो. तो हजारांत आहे आणि वाचनाचा वेग मात्र सेकंदाला काही केबी, असं दिसलं तर डिस्क एकाच जागी अडखळते आहे. अण्णांच्या मशीनवर तो आकडा ४,००० च्या वर होता.

स्मार्टचे आकडे: पाच मिनिटांचं, बिनधोक काम

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचायला डिस्कच्या पृष्ठभागावर काही ताण पडत नाही, म्हणून सुरुवात इथून. विंडोजवर मी क्रिस्टलडिस्कइन्फो वापरतो. त्याची इन्स्टॉल न करता चालणारी झिप आवृत्ती दुसऱ्या मशीनवर उतरवा, पेनड्राइव्हवर उलगडा आणि तिथूनच चालवा. संशयित डिस्कवर काहीही उतरवायचं नाही आणि इन्स्टॉल करायचं नाही.

उघडल्यावर पहिलं काम सेटिंगचं. यातले मूळ आकडे सोळाच्या पद्धतीत दिसतात, त्यात १० म्हणजे आपले १६. फंक्शन, मग अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, मग रॉ व्हॅल्यूज, आणि तिथं १० निवडा. हे न केल्यानं चुकीचा आकडा वाचून घाबरलेली माणसं माझ्याकडे आली आहेत.

आता ओळी. यादी लांब असते, पण मी आधी चारच पाहतो.

०५ ही ओळ म्हणजे बदललेले सेक्टर. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा. डिस्ककडे काही राखीव जागा असते. खराब झालेला तुकडा बाद करून त्याचं काम राखीव तुकड्याकडे दिलं की हा आकडा वाढतो.

सी५, म्हणजे १९७ क्रमांकाची ओळ, माझ्या मते सगळ्यात बोलकी. इथं वाट पाहणारे सेक्टर मोजले जातात. डिस्कनं तो तुकडा वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि तो बाद करायचा की नाही हे अजून ठरलेलं नाही. तुमची फाइल तिथं असेल तर ती आत्ता, या क्षणी वाचता येत नाहीये. पुष्कळ डिस्कवर हा आकडा ८ च्या पटीत दिसतो, कारण आतला खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ बाइटच्या आठ तुकड्यांत दाखवला जातो.

सी६, म्हणजे १९८, न वाचता आलेल्या सेक्टरांचा आकडा. तो बहुधा सी५ च्या बरोबरीनं चालतो.

सी७, म्हणजे १९९, या ओळीचा डिस्कच्या तबकडीशी संबंध नाही. डिस्क आणि मदरबोर्डमधल्या वाटेवर डेटा बिघडला की ती वाढते, म्हणून बोट आधी केबलकडे जातं. हा आकडा कधी कमी होत नाही, केबल बदलली तरी जुना तसाच राहतो. म्हणून तो कागदावर लिहून ठेवा, केबल बदला, आठवड्यानं पुन्हा पाहा. तिथंच थांबला असेल तर रोग केबलचा होता आणि तो गेला.

याशिवाय ०९ मध्ये डिस्क किती तास चालली ते कळतं. वर्षाचे तास ८,७६०. ०ए वाढत असेल तर मोटरला फिरायला पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतो आहे, म्हणजे घाई करा. ०१ आणि ०७ या ओळींत सीगेटच्या डिस्कवर कोटींचे आकडे दिसतात. त्या कंपनीची मोजायची रीतच तशी आहे, त्यावरून डिस्क बाद ठरवू नका.

तापमानाची ओळ सी२. क्रिस्टलडिस्कइन्फो सहसा ५० अंशांना इशारा देतं, आणि बऱ्याच हार्ड डिस्कची चालण्याची कमाल मर्यादा ६० च्या आसपास असते. मे महिन्यात सोलापुरात बाहेर ४२-४३ होतं, पत्र्याखालच्या कारखान्यात त्याहून जास्त, आणि डब्याचा पंखा लवेनं बुजलेला. अण्णांची डिस्क नुसतं बसल्या जागी ५४ वर होती. शिवाय डबा मागांच्याच फरशीवर ठेवलेला. यंत्रमागाची थरथर फरशीतून डब्यात जाते आणि हेडला आपल्या रेषेवर स्थिर राहणं अवघड होतं. कारखान्यातला कॉम्प्युटर जाड रबरावर ठेवा, जमलं तर भिंतीपलीकडं न्या, आणि महिन्यातून एकदा बंद करून ब्रशनं जाळी साफ करा.

अण्णांच्या डिस्कचे आकडे असे होते: ०५ मध्ये १६, सी५ मध्ये ४८, सी६ मध्ये ४८, सी७ शून्य, तास २९,४००. म्हणजे केबल निर्दोष, दुखणं तबकडीवर. क्रिस्टलडिस्कइन्फोनं पिवळा रंग आणि "कॉशन" दाखवलं. त्याच वेळी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममध्ये, मात्र स्मार्टची स्थिती "ओके" होती. यात विरोध नाही. बायोस फक्त कंपनीनं ठरवलेली शेवटची रेषा ओलांडली का एवढंच बघतो, आणि ती रेषा फार लांब असते. क्रिस्टलडिस्कइन्फो ०५, सी५, सी६ मध्ये एक जरी दिसला तरी सावध करतं. बायोसच्या "ओके"वर विसंबून राहू नका.

निळा रंग आणि "गुड" दिसलं तरी विषय संपत नाही. गूगलनं २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. उलट, पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणजे वाईट आकड्यांवर लगेच विश्वास ठेवा. चांगल्या आकड्यांनंतर मात्र पुढच्या पायऱ्या कराच.

यूएसबीच्या डब्यातली डिस्क असेल आणि आकडे दिसतच नसतील, तर डब्यातली चिप ते पुढं पाठवत नसते. डिस्क काढून थेट साटा केबलला, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या केबलला, लावली की दिसतात. काही छोट्या पोर्टेबल डिस्कवर मात्र यूएसबीचं तोंड डिस्कच्या बोर्डवरच असतं, तिथं ही सोय नाही. उघडण्याआधी तपासून घ्या.

विंडोजनं लिहून ठेवलेली डायरी

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. डिस्क या नावाच्या नोंदी शोधा. ७ क्रमांक म्हणजे खराब ब्लॉक सापडला. १५३ म्हणजे वाचायची किंवा लिहायची मागणी पुन्हा करावी लागली. ११ म्हणजे कंट्रोलरकडून चूक आली, यात केबल आणि वीजही संशयित. नोंदीत हार्डडिस्क शून्य, हार्डडिस्क एक असा आकडा येतो. तोच आकडा डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहा, म्हणजे कोणती डिस्क ते पक्कं होईल. दोन डिस्कच्या मशीनमध्ये चांगली काढून टाकून आजारी ठेवलेली मी पाहिली आहे.

या डायरीचा मोठा फायदा तारखांचा. अण्णांकडे ७ क्रमांकाची पहिली नोंद जानेवारीच्या मध्यातली होती. सांगितल्यावर त्यांनाही आठवलं, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतच मशीन पहिल्यांदा अडकलं होतं. तीन महिन्यांत नोंदी दिवसाला एकवरून पंधरा-वीसवर गेल्या होत्या. एवढ्यावरून मी चाचण्या थांबवल्या आणि प्रत काढायला घेतली.

प्रत काढणं

आजारी डिस्कवरून विंडोज चालू करायचं नाही. ती काढून दुसऱ्या मशीनला जास्तीची डिस्क म्हणून लावा. साडेतीन इंची डिस्कला ५ व्होल्टसोबत १२ व्होल्टही लागतात, त्यामुळे लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कसाठीची साधी यूएसबी केबल तिला पुरत नाही. सुरू होताना डिस्क तपासू का असं विंडोज विचारेल. कुठलंही बटण दाबून ते टाळा. "वापरण्याआधी फॉरमॅट करा" असं आलं तर कॅन्सल.

आकडे थोडेच बिघडले असतील आणि फाइली उघडत असतील तर साधी कॉपी चालते, पण क्रम ठेवा. आधी लहान आणि अमूल्य: हिशेब, डिझाइन, कागदपत्रं, घरातले फोटो. सिनेमे शेवटी. कट करू नका, कॉपीच करा. एखाद्या फोल्डरवर अडकलं तर तो सोडून पुढं चला.

कॉपी वारंवार अडकत असेल तर फाइल-फाइल करत बसणं डिस्कला मारतं. तेव्हा पूर्ण डिस्कची प्रतिमा काढायची, म्हणजे सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एका फाइलीत. त्यासाठी डीडीरेस्क्यूच्या तोडीचं फुकट साधन माझ्या माहितीत नाही. ते लिनक्सवर चालतं. उबंटू पेनड्राइव्हवर घालून त्यावरून मशीन सुरू करा, म्हणजे आजारी डिस्क आपोआप जोडली जाणार नाही याचीही काळजी घेता येते. याची खुबी अशी की ते आधी सोपं सोपं सगळं उचलतं, अडलेल्या जागा टिपून ठेवतं आणि त्यांच्याकडे नंतर वळतं. साध्या कॉपीला हे जमत नाही. ती पहिल्याच खड्ड्यात डोकं आपटत बसते, आणि पलीकडचा चांगला डेटा वाट पाहत राहतो.

आधी एलएसबीएलके ही आज्ञा देऊन डिस्कची नावं आणि आकार पाहा. आजारी कोणती आणि रिकामी कोणती, हे आकारावरून आणि सिरियल नंबरवरून पक्कं करा, कागदावर लिहा. इथं उलटसुलट झालं तर रिकामी डिस्क आजारी डिस्कवर लिहिली जाते आणि सगळं संपतं. मी ही ओळ टाइप केल्यावर एंटर दाबण्याआधी दुसऱ्या माणसाला वाचायला लावतो.

आज्ञेचा क्रम असा: डीडीरेस्क्यू, मग डॅश डी, मग डॅश एन, मग आजारी डिस्कचं नाव, मग प्रतिमेच्या फाइलचं नाव, आणि शेवटी मॅप फाइलचं नाव. डॅश एनमुळे पहिल्या फेरीत अवघड जागा खरवडत बसणं टळतं. मॅप फाइल कधीही विसरू नका. मध्येच लाइट गेली, डिस्क अडकली, तर तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर काम जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. पहिली फेरी झाली की डॅश एन काढून डॅश आर ३ द्या, म्हणजे उरलेल्या जागांवर तीन प्रयत्न होतात. प्रतिमा ठेवायच्या डिस्कवर आजारी डिस्कच्या पूर्ण आकाराएवढी जागा हवी, भरलेल्या भागाएवढी नव्हे. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, पंख्याचा वारा द्या, आणि चालू असताना उचलू नका. यूपीएस असेल तर त्यावरच हे करा.

अण्णांच्या १ टीबी डिस्कची पहिली फेरी साधारण पाच तास चालली. दुसरी रात्रभर. सकाळी शेवटचा आकडा होता ३६ केबी. एवढंच वाचता आलं नव्हतं. प्रतिमा नव्या डिस्कवर उतरवली तेव्हा दोन डिझाइनच्या फाइली उघडल्या नाहीत, बाकी सगळ्या आल्या.

केबल आणि वीज

सी७ वाढत असेल किंवा इव्हेंटमध्ये ११ दिसत असेल तर प्रत काढण्याआधीच साटा केबल बदला, पोर्ट बदला. वीजेच्या पट्टीवरचं दुसरं तोंड वापरा. डिस्क अधूनमधून गायब होऊन परत दिसते, तेव्हा मी दुसरा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, लावून पाहतो. सैल तोंडं बोटानं दाबली की कळतात. लॅपटॉपमध्ये डिस्क आणि बोर्ड यांच्यातली पातळ पट्टी उघडझाप करून झिजते, तीही पाहा.

डिस्कनं स्वतःची घेतलेली परीक्षा

डेटा हाती आल्यावर आता निदान पक्कं करू. डिस्कच्या आतच दोन परीक्षा असतात, लहान आणि लांब. लहान एक-दोन मिनिटांत होते, ती मोटर, हेड आणि पृष्ठभागाचा थोडासा भाग बघते. लांब परीक्षा पूर्ण पृष्ठभाग वाचते. १ टीबी डिस्क सरासरी सेकंदाला १०० एमबी वाचते असं धरलं तर १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास. ४ टीबीला अकरा तास. संध्याकाळी लावून सकाळी बघणं उत्तम. मशीन झोपी जाणार नाही असं सेटिंग आधी करा, नाहीतर परीक्षा अर्धवट तुटते.

यासाठी सीगेटचं सीटूल्स सोपं आहे, त्याच्या साध्या चाचण्या दुसऱ्या कंपन्यांच्या बहुतेक डिस्कवरही चालतात. मी स्वतः स्मार्टमॉनटूल्समधलं स्मार्टसीटीएल वापरतो. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर आहे. डॅश ए दिलं की सगळे आकडे, डॅश टी शॉर्ट किंवा डॅश टी लाँग दिलं की परीक्षा सुरू, आणि डॅश एल सेल्फटेस्ट दिलं की निकाल. निकालात "रीड फेल्युअर" आलं की पुढं पहिल्या खराब जागेचा क्रमांक असतो. बहुतेक डिस्क पहिल्या चुकीलाच थांबतात, म्हणून एक चूक दिसली याचा अर्थ एकच आहे असा घेऊ नका.

ही परीक्षा डिस्कच्या आत होते, डेटा केबलमधून बाहेर येतच नाही. त्यामुळे लांब परीक्षा पास, पण कॉपी करताना चुका, असं झालं तर दोष केबल, पोर्ट, यूएसबीचा डबा किंवा वीज यांच्यात शोधा. लांब परीक्षा नापास झाली तर केबल बदलून काही होणार नाही. एवढ्या एका तुलनेनं माझी अर्धी गोंधळाची प्रकरणं सुटतात.

पृष्ठभाग तुकड्या-तुकड्यानं पाहणं

एचडी ट्यून या प्रोग्राममध्ये एरर स्कॅन आहे, हिरवे चौकोन भरत जातात, खराब जागी लाल. क्विक स्कॅनची खूण काढून टाका, ते मधल्या जागा सोडत जातं. त्यातला वेगाचा आलेखही उपयोगी. डिस्क बाहेरच्या कडेला वेगवान आणि आत संथ असते, म्हणून रेघ उतरत जाऊन शेवटी अर्ध्यावर येणं स्वाभाविक आहे. रेघ मध्येच शून्याकडे कोसळत असेल तर चाचणी पुन्हा घ्या. दोन्ही वेळा त्याच जागी कोसळली तर दोष डिस्कचा. जागा बदलली तर मागं दुसरं काही काम चालू होतं.

त्याहून बारीक दिसतं ते व्हिक्टोरिया नावाच्या प्रोग्राममध्ये. प्रत्येक तुकडा वाचायला किती वेळ लागला त्यावरून तो रंग देतो: राखाडी म्हणजे चटकन, मग हिरवा, नारिंगी, लाल असा उशीर वाढत जातो, आणि शेवटी सरळ एरर. हा उशीर कुठून येतो? मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला ९० फेरे घेते, म्हणजे एक फेरा साधारण ११ मिलिसेकंदांचा. वाचन चुकलं तर तोच तुकडा हेडखाली परत येण्यासाठी पूर्ण फेरा थांबावं लागतं. एखाद्या तुकड्याला ५०० मिलिसेकंद लागले तर डिस्कनं तिथं जवळपास ४५ फेरे झगडून तो वाचला. फाइल उघडली, चूक कुठंच नोंदली गेली नाही, स्मार्टही स्वच्छ. पण ती जागा जायला लागली आहे. एखाददुसरा लाल तुकडा चालून जाईल. लाल-नारिंगी पट्टे एकाच भागात दाटले असतील किंवा ठरावीक अंतरानं सगळीकडे येत असतील तर मी ती डिस्क ठेवत नाही.

व्हिक्टोरियात एक धोका आहे. वाचायची पद्धत "इग्नोर"वरच ठेवा. "इरेज" डेटा पुसतं, "रीमॅप" आणि "रिफ्रेश" डिस्कवर लिहितात. चुकून क्लिक झालं तर परत येणं नाही.

चेकडिस्क मागून

आपल्याकडे डिस्क अडकली की पहिला सल्ला चेकडिस्क चालवा असा मिळतो. चेकडिस्क फाइलींची मांडणी तपासतं. तबकडीच्या तब्येतीशी त्याचा संबंध कमी. स्लॅश एफ दिलं तर ते मांडणीत बदल करतं, स्लॅश आर दिलं तर सगळा पृष्ठभागही वाचतं. मरणाऱ्या डिस्कवर हे दोन्ही घातक: डिस्क तासन्‌तास ताणली जाते आणि अर्धवट वाचलेल्या माहितीवरून मांडणी "दुरुस्त" होते. प्रत हातात नसेल तर चालवू नका. डिस्क निरोगी ठरली आणि फक्त अचानक लाइट गेल्यानं फोल्डर बिघडला असेल, तेव्हा मात्र तेच बरोबर औषध आहे.

ठेवायची की टाकायची

सी५ मध्ये आकडा असलेली प्रत्येक डिस्क मेलेली नसते. लिहिताना नेमकी लाइट गेली तर तुकडा अर्धवट लिहिला जातो, वाचता येत नाही, पण तबकडी धड असते. फरक ओळखायला डेटा काढून झाल्यावर पूर्ण डिस्क लिहून काढा. विंडोजमध्ये क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं की प्रत्येक जागी शून्य लिहिलं जातं. मग स्मार्ट पुन्हा वाचा. सी५ शून्यावर आलं आणि ०५ वाढलं नाही, तर घाव वरवरचा होता. लांब परीक्षा घ्या, महिनाभर आकड्यांवर लक्ष ठेवा, आणि बिनमहत्त्वाच्या कामाला वापरा. सी५ शून्य झालं पण ०५ तेवढंच वर गेलं, तर ती जागा खरंच मेली होती. आणि काही दिवसांत सी५ पुन्हा उगवलं, तर रोग पसरतो आहे. ०५ मध्ये जुना, वर्षभर न हललेला छोटा आकडा असेल तर मी धीर धरतो. हलणारा आकडा, तो कितीही लहान असो, मला पुरेसा असतो.

टक्-टक् करणारी किंवा न फिरणारी डिस्क घरी उघडू नका. हेड आणि तबकडीमधल्या फटीपुढं धुळीचा एक कण डोंगराएवढा असतो. फ्रीजरमध्येही ठेवू नका, तबकडीवर दव धरतं. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावणंही आता चालत नाही, कारण बोर्डवरच्या चिपमध्ये त्या एका डिस्कची मापं असतात. अशी कामं स्वच्छ खोली असलेल्यांकडेच द्यायची. मी पुण्याला पाठवतो. देण्याआधी तपासणीचे पैसे वेगळे किती, डेटा निघाला नाही तर किती, आणि डिस्क परत मिळेल का, हे तिन्ही लिहून घ्या. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही.

एसएसडीला, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कला, यातलं थोडंच लागू पडतं. तिथं आवाज नाही, पृष्ठभागाच्या चाचणीचाही फारसा उपयोग नाही. किती टक्के आयुष्य वापरलं आणि मीडिया एरर किती, एवढं क्रिस्टलडिस्कइन्फोत पाहा. ती बऱ्याचदा काहीच न सांगता एका दिवसात जाते, म्हणून प्रत आधीपासूनच हवी.

अण्णांच्या डिस्कचं शेवटचं सांगतो. प्रत काढून होईपर्यंत सी५ ४८ वरून ७२ वर गेलं होतं. पूर्ण लिहून काढल्यावर सी५ शून्य झालं आणि ०५ १६ वरून ८८ झालं, म्हणजे ७२ च्या ७२ जागा खरंच मेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लांब परीक्षा लावली, ती ३० टक्क्यांवर थांबली आणि सी५ मध्ये पुन्हा ८. अण्णांनी दोन नव्या डिस्क घेतल्या, एक कारखान्यात आणि एक घरी, दर शनिवारी पगाराच्या दिवशी प्रत काढायची असं त्यांच्या पोरीनं ठरवलं. उघडली नाहीत ती दोन डिझाइनं. त्यातल्या एकाचा जुना ग्राफ कागद कपाटात सापडला, कडा पिवळ्या पडलेल्या, पेन्सिलीचे चौकोन अजून ठळक. ते त्यांनी पुन्हा कॉम्प्युटरवर बसवून घेतलं. दुसऱ्याचा कागद मिळाला नाही. त्या नमुन्याची एक चादर घरी पलंगावर होती. आता तिच्यावरचे धागे मोजून डिझाइन परत काढायचं काम चालू आहे.